बटणाचा अर्थ कुणी लावायचा?

रिमोटवरचं आवाज वाढवायचं बटण दाबलं की रिमोटच्या टोकाचा छोटा दिवा लुकलुकतो. प्रकाश अवरक्त असल्याने आपल्याला तो दिसत नाही, पण त्या लुकलुकण्याला कडक शिस्त असते. एनईसी या जपानी कंपनीने रूढ केलेल्या पद्धतीत आधी ९ मिलिसेकंद उजेड, मग साडेचार मिलिसेकंद अंधार, आणि त्यानंतर ३२ बिट येतात. प्रत्येक बिटाची सुरुवात ०.५६ मिलिसेकंदाच्या उजेडाने होते. त्यामागचा अंधार आखूड असेल तर तो शून्य, लांब असेल तर एक. बटण दाबूनच धरलं, तर साधारण दर ११० मिलिसेकंदांनी ‘तेच पुन्हा’ एवढाच एक छोटा संकेत जातो. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत फक्त १४ बिट असतात आणि त्यांची किंमत अंधाराच्या लांबीवर नव्हे, तर बिटाच्या मध्यावर उजेडाचा अंधार झाला की अंधाराचा उजेड, यावर ठरते. सोनीची तऱ्हा आणखी तिसरीच.

या सगळ्यात ‘आवाज’ कुठेच नाही आणि ‘वाढव’ही नाही. हाती येतात त्या केवळ वेळा: इतका वेळ उजेड, इतका वेळ अंधार. या वेळांपासून बिट काढायचे, बिटांपासून एक आकडा, आकड्यावरून बटणाचं नाव, आणि नावावरून कृती. म्हणजे चार पायऱ्या झाल्या. संगणकाला रिमोट जोडला तर यातली कोणती पायरी कोणत्या प्रोग्रॅमने चढायची, यावर लिनक्स घडवणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद होता आणि २००९च्या अखेरीस तो चांगलाच पेटला. प्रश्न रिमोटसारख्या किरकोळ वस्तूचा दिसतो. पण कीबोर्ड, माऊस, टचपॅड, गेमचा कंट्रोलर या सगळ्यांची वाटणी ज्या तत्त्वावर होते, ते तत्त्व इथे सगळ्यात उघडं पडतं.

आधी दोन बाजू समजून घेऊ. संगणकातले प्रोग्रॅम दोन दर्जांचे असतात. कर्नल हा एकच प्रोग्रॅम असा, की ज्याला सगळी मेमरी, सगळी उपकरणं आणि प्रोसेसरचे सगळे आदेश मोकळे आहेत. बाकी सगळे, म्हणजे ब्राउझर, व्हिडिओ प्लेयर, अगदी पडद्यावरच्या खिडक्या रंगवणारा प्रोग्रॅमसुद्धा, यूजर स्पेसमध्ये राहतात. प्रत्येकाला आपापली मेमरी, आणि बाहेरचं काहीही हवं असेल तर कर्नलकडे मागणी. ही विभागणी कागदोपत्री नाही, ती प्रोसेसरमध्येच कोरलेली आहे. यूजर स्पेसमधला प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा मरतो आणि पुन्हा चालू करता येतो. कर्नलमधली चूक मात्र अख्खं यंत्र घेऊन खाली जाऊ शकते, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणा तिऱ्हाइताला त्या यंत्राचा मालक करून टाकू शकते.

मग एखादी गोष्ट कर्नलमध्ये घ्यावीच कशाला? याचं सर्वांत सोपं उत्तर ‘वेग’ असं दिलं जातं. यूजर स्पेसमध्ये जायचं-यायचं म्हणजे वेळ जातो, तेव्हा घाईचं काम कर्नलमध्ये. मायक्रोसॉफ्टने १९९६ साली विंडोज एनटी ४.० मध्ये खिडक्या आणि चित्रं हाताळणारा मोठा भाग याच कारणासाठी कर्नलमध्ये हलवला, आणि सुरक्षेतल्या भोकांच्या रूपाने पुढे बरीच वर्षं त्याची किंमत मोजली. पण इनपुटच्या बाबतीत मला हे कारण फार लंगडं वाटतं. साधा यूएसबी माऊस सेकंदाला १२५ वेळा आपली हालचाल सांगतो, म्हणजे दोन निरोपांमध्ये ८ मिलिसेकंदांचं अंतर. कर्नलची सीमा ओलांडायला त्या मानाने नगण्य, म्हणजे काही मायक्रोसेकंद लागतात. आणि पलीकडे बसलेला आहे तो माणूस. त्याच्या बोटांचा वेग या हिशेबात कुठेच बसत नाही.

रिमोटमध्ये मात्र वेळेचा प्रश्न खरा आहे, फक्त तो वेगळ्या जागी आहे. हौशी मंडळी एके काळी पाच-सहा सुटे भाग जोडून रिसीव्हर घरीच बनवायची आणि तो संगणकाच्या सिरीयल पोर्टला लावायची. त्या रिसीव्हरला डोकं नव्हतं. उजेड आला-गेला की तो एका तारेवरचा दाब बदलायचा, एवढंच. त्या काळात लिनक्सचं घड्याळ सेकंदाला शंभर टिकटिक करायचं, आणि यूजर स्पेसमधल्या प्रोग्रॅमला आपली पाळी येईपर्यंत दहा-वीस मिलिसेकंद थांबावं लागणं यात नवल नव्हतं. अर्ध्या मिलिसेकंदाचा उजेड मोजायला तो कसा पुरा पडणार? तेव्हा तारेवरचा दाब बदलल्याक्षणी इंटरप्ट घेऊन, म्हणजे हातातलं काम तिथेच थांबवून, वेळ टिपण्याचं काम कर्नलचंच. यावर कुणाचंही दुमत नव्हतं.

पण एकदा वेळा टिपल्या, की घाई संपली. ‘९०००, ४५००, ५६०, ५६०, ५६०, १६९०...’ अशी मायक्रोसेकंदांची यादी कर्नलने रांगेत ठेवावी. तिचा अर्थ वीस मिलिसेकंद उशिरा लागला तरी दूरदर्शनवरचा कार्यक्रम काही थांबत नाही. लिर्क नावाच्या प्रकल्पाची उभारणी याच विचारावर झाली होती. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या या प्रकल्पात कर्नलमधले छोटे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण हाताळणारे भाग, फक्त वेळा टिपत आणि यूजर स्पेसमध्ये सतत चालणारा एक प्रोग्रॅम त्या वेळा एका मजकुरी फाइलमधल्या वर्णनांशी ताडून बटण ओळखे. रिमोट अनोळखी असेल तर एकेक बटण दाबून त्याला शिकवताही येई. कोणत्या बटणाने कोणत्या प्रोग्रॅममध्ये काय घडावं, हे वापरणारा आपल्या फाइलमध्ये लिहून ठेवी. जगातला कुठलाही विचित्र रिमोट चालावा, अशी ही रचना होती, आणि तो चालायचाही.

चालायचा, पण कुणासाठी? ज्याला त्या फाइली लिहिता येत होत्या त्याच्यासाठी. रिमोटला प्रतिसाद हवा असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला लिर्कची भाषा मुद्दाम शिकावी लागे. शिवाय लिर्कचे ड्रायव्हर अधिकृत कर्नलच्या बाहेर राहत असल्याने कर्नलची नवी आवृत्ती आली की ते मोडत, आणि कुणीतरी ते पुन्हा सांधत बसे. दहा-बारा वर्षं हे चाललं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं सरळ होतं. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीपासून लिनक्समध्ये सगळ्या कीबोर्ड-माऊसची बातमी एकाच साच्यातून वर जात होती. व्होइटेक पाव्लिक यांनी बांधलेल्या या साच्यात प्रत्येक घटनेत चारच गोष्टी असतात: वेळ, प्रकार, संकेतांक आणि किंमत. त्याआधी माऊस कोणत्या बनावटीचा आहे हे पडदा सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरच्या फाइलीत हाताने लिहावं लागे, आणि चुकीचं नाव लिहिलं की बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसे. कर्नलने ती भानगड मिटवली. मग रिमोट म्हणजे तरी काय? दुरून दाबायचा कीबोर्डच. ‘आवाज वाढव’ या बटणाला त्या साच्यात ११५ हा आकडा आधीच होता. कर्नलने रिमोटचे बिट उलगडून ११५ वर पाठवले, की प्रत्येक व्हिडिओ प्लेयर काही नवं न शिकता ऐकेल.

जॅरड विल्सन यांनी २००९ मध्ये लिर्कचे ड्रायव्हर अधिकृत कर्नलमध्ये घ्यावेत म्हणून पुढे केले आणि दोन्ही मतं समोरासमोर आली. जॉन स्मर्ल यांचा कल सगळं उलगडणं कर्नलमध्येच करावं असा होता; लिर्क सांभाळणारे क्रिस्टोफ बार्टेल्मुस जे यूजर स्पेसमध्ये नीट चालतंय ते तिथेच राहू द्या म्हणत होते; आणि टीव्ही कार्डांच्या ड्रायव्हरांची जबाबदारी असलेल्या मावरू कार्वाल्यो शेहाब यांना दोन्ही वाटा उघड्या ठेवायच्या होत्या.

या वादात कुणाचं बरोबर होतं हे पाहण्याआधी कीबोर्डकडे वळू, कारण तिथे हाच प्रश्न कधीच सुटला होता. इन्स्क्रिप्टने मराठी लिहिणारा माणूस ‘क’ लिहायला जी कळ दाबतो, तिच्यावर इंग्रजीत के छापलेलं असतं. कर्नल या कळीबद्दल वर पाठवतो तो आकडा ३७. तो ‘क’ नाही आणि खरं तर के-सुद्धा नाही. अमेरिकी कीबोर्डवर ज्या जागी के असतो त्या जागेचं ते नाव आहे. ३७ म्हणजे ‘क’ की के, हे यूजर स्पेसमधली कीबोर्ड मांडणी ठरवते. म्हणून एकाच कळफलकावर एका खिडकीत मराठी आणि दुसरीत फ्रेंच लिहिता येतं, आणि मांडणीत दुरुस्ती करायची तर कर्नलला हातही लावावा लागत नाही. कर्नलने पंचनामा करावा, निकाल देऊ नये, अशी ही वाटणी. याला अपवाद म्हणजे लिनक्सचा जुना काळा मजकुरी पडदा. तिथे कळीचं अक्षरही कर्नलच ठरवतो आणि अक्षर रंगवतोही तोच. त्याच्या फाँटात जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोयच नाही. त्या पडद्यावर आजही धड मराठी उमटत नाही. निकाल देण्याचं काम खाली गेलं की ते खालीच गोठतं, याचं मराठी वाचकाला याहून जवळचं उदाहरण देता येणार नाही.

गोठण्याला कारण आहे. यूजर स्पेसमधल्या प्रोग्रॅमना जे एकदा मिळालं ते पुढच्या आवृत्तीत मोडायचं नाही, हा लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांचा दंडक आहे. त्यामुळे कर्नलच्या दारातून एकदा बाहेर दिलेली सोय मागे घेता येत नाही. जुन्या प्रोग्रॅमांसाठी कर्नलने एक खोटा पीएस-२ माऊस उभा केला होता, की सगळे माऊस त्यातून एकच असल्यासारखे दिसावेत. टचपॅड आले तेव्हा त्यांनाही त्याच वेशात बसवलं गेलं आणि टचपॅडवर हलकेच टिचकी मारणं म्हणजे क्लिक, हेही कर्नलमध्येच ठरलं: २०० मिलिसेकंदांच्या आत बोट उचललं तर टिचकी. हा आकडा कुणासाठी? थरथरत्या हाताच्या आजोबांसाठी, की खेळ खेळणाऱ्या नातवासाठी? कर्नलला ते कळायला मार्ग नाही. तो खोटा माऊस अजूनही कर्नलमध्ये आहे.

टचपॅडचा निकाल यूजर स्पेसकडेच जायला हवा होता, आणि गेला. बोट कुठे टेकलंय, किती बोटं आहेत, किती दाब आहे, एवढं कर्नल सांगतो. हे बोट आहे की टंकताना चुकून टेकलेला तळहात, दोन बोटं सरकली म्हणजे पान सरकवायचं की मोठं करायचं, हे सगळं वर ठरतं. वर ठरवण्याला एक अगदी रोकडं कारणही आहे. बाणाचा वेग बोटाच्या वेगाप्रमाणे हळूहळू वाढवायचा तर अपूर्णांकांचं गणित लागतं, आणि कर्नलमध्ये प्रोसेसरचा अपूर्णांकांचा विभाग सहसा वापरायचा नसतो, कारण त्यात त्या क्षणी दुसऱ्याच प्रोग्रॅमचे आकडे पडलेले असतात. २०१३ च्या अखेरीस योनास ओडाल यांनी हे सगळं काम एका स्वतंत्र लायब्ररीत बाजूला काढलं, तीच लिबइनपुट. पीटर हुटरर यांनी ती पुढे वाढवली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती आली.

त्याच सुमारास लेनोवोच्या काही थिंकपॅडांनी गंमत केली. २०१३ च्या त्या मॉडेलांत कीबोर्डच्या मधोमध असलेल्या लाल खुंटीची वेगळी बटणं काढून टाकली आणि टचपॅडच्याच वरच्या पट्टीला बटण ठरवलं. हार्डवेअरला त्या पट्टीचा पत्ताच नव्हता. त्याच्या लेखी तो एक सलग टचपॅड. त्यात काही टचपॅड स्वतःच्या लांबी-रुंदीचे आकडेही चुकीचे सांगत. मग कर्नलमध्ये मॉडेलवार याद्या आल्या: या खुणेच्या यंत्राला वरची पट्टी आहे, त्या खुणेच्या यंत्राची खरी मापं अशी आहेत. यादीत एक ओळ वाढवायची म्हणजे नवा कर्नल, आणि तो ग्राहकाच्या लॅपटॉपवर पोहोचायला महिने. अखेर मापांची दुरुस्ती यूजर स्पेसमधल्या एका मजकुरी कोशात हलवली गेली. आता कुणीही टचपॅड पट्टीने मोजून त्या कोशात ओळ घालू शकतो. ही दुरुस्ती म्हणजे निकाल नव्हे, ती वस्तुस्थितीच. तरीही ती वर गेली, कारण ती फार वेगाने बदलत होती. बदलाचा वेग ही कसोटी मला तरी धावण्याच्या वेगापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

काही गोष्टी मात्र खालीच हव्यात. यूजर स्पेस पूर्ण गोठलं असताना यंत्र शिस्तीत बंद करता यावं म्हणून लिनक्समध्ये सिसरिक्यू कळीची जोड आहे. तिचा निकाल कर्नल स्वतः देतो, कारण त्या क्षणी वर ऐकणारा कुणी उरलेलाच नसतो. दुसरी गोष्ट सुरक्षेची. एका संगणकावर दोघांची खाती असतील, तर दुसऱ्याने ताबा घेतल्यावर पहिल्याच्या प्रोग्रॅमला कळा ऐकू येता कामा नयेत, नाहीतर पासवर्ड गेलाच. आधीच उघडून ठेवलेलं उपकरण हातातून काढून घेण्याची सोय ३.१२ आवृत्तीत आली, आणि ती कर्नलशिवाय कुणी देऊच शकत नाही. तिसरी गोष्ट सुरुवातीच्या क्षणांची. कमी विजेवर चालणाऱ्या ब्लूटूथ कीबोर्डांचा लिनक्समधला कारभार यूजर स्पेसमधला प्रोग्रॅम पाहतो आणि उलगडलेली माहिती कर्नलला परत देतो. रचना म्हणून झकास. पण यंत्र चालू होताना डिस्कचा पासवर्ड विचारला जातो तेव्हा तो प्रोग्रॅम सहसा जागाच नसतो, आणि माणूस तारेचा कीबोर्ड शोधत फिरतो.

कर्नलमध्ये ठेवण्याची किंमतही नोंदली गेली आहे. यूएसबी उपकरण जोडलं की ते आपलं वर्णन स्वतः सांगतं: मला इतकी बटणं, इतके अक्ष. हे वर्णन वाचणारा भाग कर्नलमध्ये आहे. २०१३ मध्ये कीस कुक यांनी त्यात आणि त्याच्या आसपासच्या ड्रायव्हरांत एकामागून एक चुका दाखवल्या. मुद्दाम वेडंवाकडं वर्णन सांगणारं उपकरण खुपसलं तर कर्नलची मेमरी बिघडवता येत होती. म्हणजे माऊससारखं दिसणारं काहीतरी जोडायला दोन सेकंद मिळाले की पुरे. ॲपलने २०१९ पासून अशा ड्रायव्हरांना कर्नलबाहेर नेण्याची वाट काढली, ती याच धास्तीतून.

आता रिमोटचा निकाल. २.६.३६ ही आवृत्ती ऑक्टोबर २०१० मध्ये आली, तिच्यात एनईसी, आरसी-५, आरसी-६, जेव्हीसी आणि सोनी या रूढ पद्धती उलगडणारे छोटे भाग कर्नलमध्ये होते. पण कोणत्या आकड्याला कोणतं बटण म्हणायचं, तो तक्ता यूजर स्पेसमधून बदलता येई. आणि कच्च्या वेळा वर नेणारी लिर्कची वाटही शाबूत ठेवली होती. घरातले बहुतेक रिमोट जोडताक्षणी चालू लागले. एक फजिती मात्र सीमेवर दबा धरून होतीच: कर्नल ‘ओके’ बटणासाठी ३५२ आणि पुढच्या चॅनेलसाठी ४०२ हे आकडे पाठवायचा, तर जुन्या एक्सच्या साच्यात २५५ च्या पुढचा आकडा मावतच नव्हता. कर्नलने अचूक ओळखलेलं बटण पडद्यापर्यंत पोहोचण्याआधीच गळून जायचं.

हा तह चांगला होता, पण पद्धती पाचच नसतात. ग्रुंडिगची निराळी, जुन्या एक्सबॉक्सच्या डीव्हीडी रिमोटची निराळी. प्रत्येकीसाठी कर्नलमध्ये नवा भाग लिहायचा का? शॉन यंग यांनी २०१८ मध्ये ४.१८ आवृत्तीत वेगळाच तोडगा काढला. उलगडणारा छोटा प्रोग्रॅम यूजर स्पेसमध्ये लिहायचा, पण चालवायचा कर्नलमध्ये. या बीपीएफ नावाच्या सोयीत कर्नल आधी तो प्रोग्रॅम ओळ न ओळ तपासतो: हा परवानगीबाहेरची मेमरी वाचत नाही ना, हा कधीतरी थांबतो ना? खात्री पटली नाही तर प्रोग्रॅम आतच घेत नाही. त्या वेळी तर थांबण्याची खात्री म्हणून त्यात लूप लिहायलाही बंदी होती. एप्रिल २०२३ मध्ये ६.३ आवृत्तीत बेंजामिन तिस्वार यांनी हीच युक्ती कीबोर्ड-माऊसच्या वर्णनांना लागू केली. आता एखाद्या टॅबलेटने आपलं वर्णन चुकीचं सांगितलं, तर नव्या कर्नलची वाट न पाहता ते वाटेतच दुरुस्त करता येतं.

रिमोटचा तोडगा आला त्याच ४.१८ आवृत्तीत व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम कंट्रोलरचा ड्रायव्हरही कर्नलमध्ये आला. स्टीमचा स्वतःचा प्रोग्रॅम यूजर स्पेसमधून तोच कंट्रोलर थेट हाताळत होता, म्हणजे एका उपकरणाला दोन मालक झाले. तिथे ठरलं असं, की स्टीम चालू असेल तेव्हा कर्नलने मुकाट्याने बाजूला व्हायचं. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. खेळाडूच्या मनासारखी बटणं लावणं हे कर्नलचं काम नव्हे; स्टीम नसताना कंट्रोलर अगदीच मुका राहू नये, एवढंच त्याचं काम.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर ईव्हटेस्ट हा छोटा प्रोग्रॅम प्रशासकाच्या अधिकाराने चालवा, आपला कीबोर्ड निवडा आणि मांडणी मराठी इन्स्क्रिप्टवर टाकून ‘क’ची कळ दाबा. पडद्यावर ३७ येईल. मांडणी इंग्रजी करा, फ्रेंच करा, काहीही करा. ३७ च येईल.